राजकन्या काजार नावाची कुणी नव्हतीच

अंगानं भरलेली, जोडलेल्या भुवयांची, ओठांवर दाट लव असलेली एक बाई. अंगावर फिकट रंगाचे कपडे, डोक्यावरून घेतलेलं वस्त्र, नजर थेट कॅमेऱ्यात. खाली मजकूर असतो : ही इराणची राजकन्या काजार, आपल्या काळातली सर्वांत सुंदर स्त्री. तिनं नकार दिला म्हणून १३ तरुणांनी जीव दिला. काही आवृत्त्यांत मागणी घालणाऱ्यांचाही आकडा असतो, १४५. आणि मग हसून हसून डोळ्यांत पाणी आलेल्या चेहऱ्यांची रांग. शाळासोबत्यांच्या ग्रुपवर हा फोटो येतो, सोसायटीच्या ग्रुपवर येतो, आणि पाठवणारी मंडळी चांगली शिकलेली असतात. एरवी प्रत्येक बातमीचा ‘सोर्स काय?’ म्हणून विचारणारे इथं काही विचारत नाहीत. हसू आलं की पुरावा लागत नाही, असा आपला एकंदर कारभार आहे.

या मजकुरात खरं काय? फोटो खरा आहे. बाकीचं काही टिकत नाही.

पहिली गोष्ट नावाची. काजार हे घराण्याचं नाव. १७८९ पासून १९२५ पर्यंत या घराण्यानं इराणवर राज्य केलं. ‘राजकन्या काजार’ म्हणणं म्हणजे कुणी परदेशी माणसानं साताऱ्याचा एखादा जुना फोटो दाखवून ‘ही राजकन्या भोसले’ असं सांगण्यासारखं आहे. कुठली भोसले? कुणाची मुलगी? कोणत्या काळातली? फोटोतल्या बाईला नाव आहे. बहुतेक वेळा ती असते इस्मत अद्-दौला, नासिरुद्दीन शहाची मुलगी, जन्म १८५५ च्या सुमारास, मृत्यू १९०५. आणि कधी कधी त्याच मजकुराखाली दुसरीच बाई असते : ताज अस्-सल्तनत, त्याच शहाची मुलगी पण दुसऱ्या राणीपासूनची, जन्म १८८४, मृत्यू १९३६. दोघींच्या वयात जवळजवळ तीस वर्षांचं अंतर. एक बाई म्हणून खपवलेल्या या दोन सावत्र बहिणी आहेत.

आता तेरा आत्महत्या. इस्मतचं लग्न लहानपणीच, वयाच्या अकराव्या वर्षाच्या आसपास झालं. ताजचा विवाहकरार तर ती त्याहून लहान असताना झाला आणि तेराव्या वर्षाच्या सुमारास ती सासरी गेली. शहाच्या मुली जनान्यात वाढत. परका पुरुष त्यांचं तोंड पाहू शकत नसे. त्यांची लग्नं दरबाराच्या सोयीनं, मोठ्या घराण्यांशी ठरत. मग हे १४५ तरुण त्यांना भेटले कुठं, त्यांनी मागणी घातली कुणाकडे, आणि नकार द्यायचा अधिकार या मुलींना कुणी दिला होता? या कथेतली खरी चेष्टा हीच आहे. ज्यांना आपल्या लग्नाविषयी एक शब्द बोलायची सोय नव्हती त्यांना आपण पुरुषांना झुलवणाऱ्या मानिनी करून टाकलं.

त्यातल्या एकीनं तर याच विषयावर लिहून ठेवलं आहे. ताज अस्-सल्तनतनं १९१४ मध्ये आपल्या आठवणी लिहिल्या. बापाचा दरबार, जनान्यातलं बालपण, सांभाळणाऱ्या आफ्रिकी दाईवरची माया, आईशी असलेलं अंतर, एकमेकांना न पाहता लावलेली लग्नं, पडद्यामुळं देशाचं होणारं नुकसान, असं सगळं तिनं त्यात मांडलं. तिनं नवऱ्यापासून घटस्फोट घेतला. संविधानाच्या चळवळीच्या काळात स्त्रियांच्या स्वातंत्र्यासाठी तेहरानमध्ये जी गुप्त मंडळी जमत, त्यांत ती होती. शहाच्या एवढ्या मुलींत जिनं आपल्या घराण्याविरुद्ध लेखणी उचलली, तिलाच आपण मिशीवाली म्हणून ओळखतो.

इथवर माझं म्हणणं बहुतेकांना पटतं. अडचण पुढं येते. कुणीतरी म्हणतं, ‘ते ठीक आहे हो, आत्महत्या खोट्या, पण मिशी तर खरी आहे ना? आणि त्या काळी तेच सुंदर मानत, हेही खरं ना?’

हो, दोन्ही खरं. पण ते खरं आहे म्हणून ते हसण्याजोगं कसं ठरतं, हे मला कुणी समजावून सांगत नाही. इराणी-अमेरिकी इतिहासकार अफसाने नजमाबादी यांनी २००५ मध्ये याच विषयावर एक सबंध पुस्तक लिहिलं आहे. काजार काळातल्या चित्रांमध्ये सुंदर तरुण आणि सुंदर तरुणी यांचे चेहरे जवळजवळ सारखे असतात : तीच कमानदार भुवई, तीच कंबर, ओठावर तीच कोवळी लव. सौंदर्याची कल्पना स्त्री-पुरुषांत आजच्यासारखी कापून विभागलेली नव्हती. लव फिकी असेल तर काजळानं ती गडद करत. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटाकडे युरोपीय पाहुण्यांच्या नजरेची लाज वाटू लागली तेव्हा हे बदललं. इस्मतच्या ओठावरची लव कार्ला सेरेना या युरोपीय प्रवासी बाईनं १८७० च्या दशकात नोंदवून ठेवली आहे, आणि ती नोंद कौतुकाची नाही. म्हणजे आपण फॉरवर्ड करतो तो विनोद आपला नाहीच. दीडशे वर्षांपूर्वीच्या युरोपीय दिवाणखान्यातला तो शिळा विनोद आहे आणि आपण तो मराठीत गरम करून वाढतो आहोत.

मिशीचीच गोष्ट निघाली आहे तर आणखी एक फोटो सांगतो. तेहरानमध्ये दुकान असलेला आंतोआन सेव्रुगिन हा आर्मेनियन-जॉर्जियन वंशाचा फोटोग्राफर. त्यानं काढलेल्या एका फोटोत नासिरुद्दीन शहा बसला आहे आणि न्हावी त्याच्या मिशीला रंग लावतो आहे. ‘जगाचा आश्रय’ म्हणवून घेणारा राजा, आणि तोंड वर करून निमूट बसलेला. त्यानं हा फोटो काढू दिला. हा फोटो का फिरत नाही? राजाच्या रंगवलेल्या मिशीवर हसायला दरबार लागतो, राजकन्येच्या लवेवर हसायला फक्त फोन पुरतो.

आता जरा वजनदार प्रतिपक्षाकडे वळू. हा पक्ष फॉरवर्ड पाठवत नाही, पुस्तकं वाचतो. त्याचं म्हणणं असं : काजार दरबाराची फोटोग्राफी म्हणजे एका विलासी हुकूमशहाचं खेळणं. युरोपच्या राजांनी खेळणं भेट दिलं, शहानं ते आपल्या बायकांकडे वळवलं. देश कर्जात आणि दुष्काळात, हा आपला काळ्या कापडाखाली डोकं घालून बसलेला. या चित्रांकडे हुकूमशाहीचा नमुना म्हणून पाहा, यापलीकडे त्यात काही नाही.

हा युक्तिवाद मी पुष्कळदा ऐकला आहे. त्यात तथ्य आहे, म्हणूनच तो जास्त घातक आहे. नासिरुद्दीन शहानं १८४८ ते १८९६ राज्य केलं. इराणमध्ये आधुनिक शिक्षणाचा पाया घालणाऱ्या अमीर कबीर या आपल्याच वजिराला त्यानं १८५२ मध्ये काशानच्या हमामात ठार करवलं. १८७२ मध्ये देशाच्या खाणी, रेल्वे आणि बरंच काही रॉयटर नावाच्या एका परदेशी उद्योजकाच्या पदरात टाकायला तो निघाला होता, तेही देशात भीषण दुष्काळ पडलेला असताना. पुढं १८९० मध्ये तंबाखूचा मक्ता एका इंग्रज कंपनीला दिला आणि साऱ्या देशानं हुक्का सोडला तेव्हा तो मागं घ्यावा लागला. या माणसाची वकिली मी करणार नाही.

पण ‘खेळणं’ या शब्दाशी माझं भांडण आहे, कारण तो शब्द वापरला की पुढं काही पाहावं लागत नाही.

आधी कालक्रम पाहा. दागेरनं फोटो काढायची आपली पद्धत पॅरिसमध्ये १८३९ मध्ये जाहीर केली. तेहरानच्या दरबारात पहिले फोटो निघाले ते डिसेंबर १८४२ मध्ये, निकोलाय पावलोव्ह या तरुण रशियन मुत्सद्द्याच्या हातून, झारनं पाठवलेल्या उपकरणावर. शहरयार अदल या संशोधकानं कागदपत्रांवरून हे दाखवून दिलं आहे. म्हणजे शोधानंतर तीन-चार वर्षांत. ‘इस्लाममध्ये चित्र निषिद्ध, म्हणून तो समाज मागं राहिला’ असं सहज बोलणाऱ्यांनी ही तारीख वहीत लिहून ठेवावी. आणि त्याहून आधी, नासिरुद्दीनचा पणजोबा फतह अली शहा, कमरेपर्यंत दाढी आणि रत्नजडित मुकुट असलेली आपली माणूसभर उंचीची तैलचित्रं परदेशच्या दरबारांना भेट पाठवत असे. रेय गावच्या चश्मे अलीजवळ खडकावर त्यानं आपली मूर्ती कोरवून घेतली, प्राचीन सासानी राजांसारखी. ज्या दरबाराला आपली प्रतिमा खडकावर कोरायचं वेड होतं त्याला कॅमेरा परका वाटणार नव्हताच.

१८४४ मध्ये ज्युल रिशार नावाचा फ्रेंच माणूस तेहरानला आला. तो पुढं मुसलमान झाला, मिर्झा रझा खान म्हणून तिथंच राहिला आणि दारुल्फुनून या तिथल्या विद्यालयात फ्रेंच शिकवू लागला. त्यानं तत्कालीन शहाचे आणि तेरा वर्षांच्या युवराज नासिरुद्दीनचे फोटो चांदीच्या पत्र्यावर काढले. पण त्याच दशकात मलिक कासिम मिर्झा, फतह अली शहाचा एक मुलगा, स्वतः कॅमेरा चालवत होता. इराणी माणूस, राजघराण्यातला, दरबारात कुणी शिकवायला पाठवण्याआधीच फोटो काढणारा. ‘युरोपनं दिलेलं खेळणं’ या गोष्टीत हा माणूस बसत नाही, म्हणून त्याचं नाव सहसा घेतलं जात नाही.

खेळणं म्हणावं तर त्यासाठी शाळा कुणी काढत नाही. १८५१ मध्ये अमीर कबीरच्या पुढाकारानं तेहरानमध्ये दारुल्फुनून उघडलं. तोफखाना, वैद्यक, अभियांत्रिकी शिकवण्यासाठी ऑस्ट्रियन आणि इटालियन मास्तर आणले. त्यांतल्या काहींनी फोटोग्राफीही शिकवली आणि पुढं ती तिथल्या विद्यांत रीतसर सामील झाली. इटालियन पायदळाचा अधिकारी लुइजी पेशे यानं पर्सेपोलिसचे फोटो काढून १८५८ मध्ये शहाला अल्बम दिला. त्याच सुमारास फ्रान्सिस कार्लियां हा फ्रेंच फोटोग्राफर आला आणि काचेवरची ओली पद्धत दरबारात रुजवली.

ही ओली पद्धत काय होती ते एकदा नीट पाहिलं पाहिजे, कारण ‘खेळणं’ म्हणणाऱ्यांना बटण दाबणं डोळ्यांपुढं असतं. काचेचं तावदान घासून स्वच्छ करायचं. त्यावर कलोडियनचा चिकट थर ओतून, काच हातात हलकेच तिरकी करत तो चारी कोपऱ्यांपर्यंत सारखा पोचवायचा. मग अंधाऱ्या खोलीत सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात ती बुडवायची आणि ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची. समोरच्या माणसानं कितीतरी क्षण हालचाल न करता बसायचं. काच वाळायच्या आत परत अंधारात नेऊन धुवायची. एवढ्यात थर फाटला, धूळ बसली, माणूस हलला की पुन्हा पहिल्यापासून. तेहरानच्या कोरड्या उन्हाळ्यात थर किती लवकर वाळत असेल याची कल्पना करा. सिल्व्हर नायट्रेटचे काळे डाग बोटांवरून दिवसेंदिवस निघत नाहीत. आणि कागदावर छाप उतरवायची तर अंड्याच्या पांढऱ्याचा लेप दिलेला कागद लागायचा. शहाचा पहिला दरबारी फोटोग्राफर आका रझा, ज्याला १८६३ मध्ये ‘अक्कासबाशी’ म्हणजे मुख्य फोटोग्राफर ही पदवी मिळाली, त्यानं हा सगळा संसार तंबूत मांडून शहाबरोबर खोरासानपर्यंत आणि १८७० मध्ये करबलाच्या यात्रेपर्यंत प्रवास केला. तेहरानच्या गुलिस्तान राजवाड्यात फोटोशाळा म्हणून वेगळं खातं होतं, त्याला नोकर होते, जबाबदारी होती. राज्याच्या खर्चात तुम्ही त्याला उधळपट्टी म्हणा, मी वाद घालणार नाही. पण हे काम होतं, आणि काम जाणणारी माणसं त्यातून तयार झाली.

गुलिस्तानच्या संग्रहात आज हजाराहून अधिक अल्बम आणि चाळीस हजारांहून जास्त फोटो आहेत. या अल्बमांत शहा स्वतःच्या हातानं खाली ओळी लिहितो. कोण, कुठं, केव्हा, कधी आपणच फोटो काढला हे, आणि कधी थट्टाही. राण्या, मुलं, हिजडे, वजीर, शिकारी कुत्री, तंबूंच्या रांगा, दमावंद पर्वत, मांजरं, बेड्यांतले कैदी, पदरचे आफ्रिकी गुलाम. काहींच्या नावापुढं लाडकी टोपणनावं. काहींच्या नावापुढं नुसतं नाव.

माझा सगळा वाद या ओळींवर उभा आहे. फोटो अल्बममधून कापून काढला, खालची ओळ टाकून दिली, की मग त्याच्याविषयी काहीही सांगता येतं. तेरा आत्महत्या सांगता येतात, पौर्वात्य विलास सांगता येतो, हुकूमशाहीचा नमुनाही सांगता येतो. फॉरवर्ड पाठवणारा आणि पुस्तक वाचणारा, दोघंही तेच करतात. एक हसण्यासाठी, दुसरा सिद्धान्तासाठी. फोटोतल्या माणसाचं नाव दोघांनाही नको असतं.

आता सर्वांत अवघड मुद्दा, आणि तो टाळायचा नाही. जनान्यातल्या स्त्रियांना शहाच्या कॅमेऱ्यासमोर बसायचं की नाही, हे विचारलं गेलं असेल का? नकार देण्याची सोय त्यांना नव्हती. त्यातले काही फोटो शहाच्या खासगी नजरेसाठीच काढलेले होते आणि तसे ते दिसतातही. स्त्रीवादी अभ्यासक यावर बोट ठेवतात ते बरोबरच आहे.

पण इथं दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

पहिली. आपल्याकडे जयपूरचा महाराजा सवाई रामसिंह दुसरा याच काळात फोटो काढत होता. स्वतःचे, दरबाऱ्यांचे आणि जनान्यातल्या स्त्रियांचेही. त्याचे फोटो आज जयपूरच्या संग्रहालयात आहेत आणि त्यांच्यावर लेख येतात ते ‘छायाचित्रकार राजा’ म्हणून, कौतुकानं, त्यातल्या नजरेच्या सौम्यतेची वर्णनं करत. तेच काम तेहरानला झालं की लंपटपणा. हा फरक फोटोंनी घडवलेला नाही, आपल्या मनात आधीच असलेल्या चित्रानं घडवला आहे. दोघांनाही एकाच मापानं मोजा. दोघांनाही झोडपायचं असेल तर झोडपा, पण एकाच काठीनं.

दुसरी. शहानं खाली नावं लिहिली म्हणूनच आज या स्त्रियांचा माग काढता येतो. अनीस अद्-दौला ही अमामे नावाच्या डोंगरी गावातली सामान्य घरची मुलगी. ती शहाची सर्वांत प्रभावी राणी झाली. १८७३ मध्ये शहा पहिल्यांदा युरोपला निघाला तेव्हा तिला बरोबर घेऊन गेला आणि मॉस्कोहून परत पाठवावं लागलं, कारण पडद्यातल्या राणीला घेऊन युरोपच्या दरबारांत जाणं जमेना. तंबाखूच्या बंडात तिनं शहाच्या तोंडावर हुक्के फोडायला लावल्याची कथा इराणमध्ये अजून सांगतात. तिचा चेहरा आपल्याला माहीत आहे. त्या काळातल्या किती राण्यांचे चेहरे, आणि चेहऱ्यासोबत नाव, आपल्याला माहीत आहेत? मराठी घराण्यांत किती आहेत, सांगा.

आणि आफ्रिकी गुलाम. इराणच्या दक्षिण किनाऱ्यावरून गुलाम आणण्यावर १८४८ मध्ये कागदोपत्री बंदी आली, पण गुलामगिरी पूर्ण रद्द व्हायला १९२९ उजाडलं. दरबारात आणि मोठ्या घरांत आफ्रिकी हिजडे आणि दाया होत्याच. घराण्याच्या अधिकृत इतिहासांत त्यांना जागा नाही. फोटोंत ते मालकाच्या मुलाला कडेवर घेऊन उभे आहेत, जनान्याच्या दारात उभे आहेत, आणि काहींची नावं शहाच्या अक्षरात खाली आहेत. पेद्राम खुसरोनेजाद यांच्यासारख्या अभ्यासकांनी अलीकडे याच फोटोंवरून त्यांचा इतिहास जुळवायला घेतला आहे. ‘हुकूमशहाचं खेळणं’ म्हणून हा संग्रह मोडीत काढला असता तर ही माणसं दुसऱ्यांदा नाहीशी झाली असती.

अल्बम शहाच्या दाराआड होते, हेही लक्षात ठेवायला हवं. ते चार लोकांनी पाहावेत म्हणून केलेले नव्हते. जनान्यातल्या त्या स्त्रियांवर अन्याय झाला असेल तर तो शहानं एका खोलीत केला. आपण तो रोज, लाखो फोनांवर, हसत हसत करतो आणि वर त्याला करमणूक म्हणतो. शहावर टीका करायची आणि त्याच फोटोवर दात काढायचे, हे एकाच तोंडानं जमत नाही.

राजवाड्याबाहेर काय झालं हे पाहिलं की ‘खेळणं’ हा शब्द तर पार कोसळतो. दरबारात शिकलेली विद्या दरबारातच राहिली नाही. अब्दुल्ला मिर्झा काजार युरोपात शिकून आला आणि दारुल्फुनूनचा फोटोग्राफर झाला. शहरांत दुकानं निघाली. १८८० च्या दशकात ‘शरफ’ या सचित्र नियतकालिकात अबू तुराब गफ्फारी दरबारी माणसांची चित्रं शिळाछापावर काढू लागला, फोटो समोर ठेवून. त्याचा भाऊ, पुढं कमालुल्मुल्क म्हणून प्रसिद्ध झालेला महंमद गफ्फारी, त्याच काळात राजवाड्यात तैलचित्रं रंगवत होता आणि त्याच्या चित्रांत फोटोंवरून शिकलेली नजर ओळखता येते.

१ मे १८९६ रोजी शाह अब्दुल अझीमच्या दर्ग्यात मिर्झा रझा किरमानीनं नासिरुद्दीनला गोळी घातली. फाशीपूर्वी साखळदंडातल्या मिर्झा रझाचा फोटो काढण्यात आला. राज्यानं तो काढला गुन्हेगार म्हणून, पण त्यातला माणूस पराभूत दिसत नाही. दहा वर्षांनी, १९०६ मध्ये, संविधानासाठी हजारो तेहरानकर ब्रिटिश वकिलातीच्या आवारात मोठमोठे हंडे चढवून ठाण मांडून बसले तेव्हा त्यांचेही फोटो निघाले. तब्रीझच्या सत्तार खान आणि बाकिर खान या लढवय्यांचे चेहरे पोस्टकार्डांवर विकले गेले. काजार शहांनी पोसलेली विद्या काजारांच्याच विरोधात गेली. खेळण्याला असं जमत नाही.

सेव्रुगिनचं काय झालं तेही इथंच सांगायला हवं. १९०८ मध्ये महंमद अली शहानं संसदेवर तोफा डागल्या, शहरात लूटमार झाली, आणि सेव्रुगिनच्या सुमारे ७ हजार काचांपैकी २ हजारांच्या आसपासच शिल्लक राहिल्या. उरलेल्यांवर पुढं, काजारांनंतरच्या रझा शहाच्या काळात, जप्ती आली, कारण त्या फोटोंतला इराण नव्या आधुनिक देशाला शोभत नव्हता. पाश्चात्त्य प्रवाशांनी तर त्याचे फोटो आपल्या पुस्तकांत त्याचं नाव न घालता छापले होते, ‘इराणी दरवेशी’, ‘इराणी भिकारी’, ‘इराणी स्त्री’ अशा सर्वसामान्य शीर्षकांखाली. आज आपल्याकडे येणाऱ्या फॉरवर्डची पद्धत तिथंच तयार झालेली आहे : फोटो घ्या, नाव काढा, खाली हवं ते लिहा.

मुंबईला नासिरुद्दीन शहा इतका लांबचा नव्हता, ही एक आठवण जाता जाता. इराणमध्ये उरलेल्या झरतुष्ट्रींवरचे जुलूम कमी व्हावेत म्हणून मुंबईच्या पारशांनी मानकजी लिमजी हातारिया यांना १८५४ मध्ये तिकडे धाडलं. ते वर्षानुवर्षं याच नासिरुद्दीनच्या दरबाराच्या पायऱ्या झिजवत राहिले, आणि १८८२ मध्ये त्यानं झरतुष्ट्रींवरचा जिझिया रद्द केला. आज मुंबईत बसून त्या दरबारावर मिशीचे विनोद करणाऱ्यांच्या शेजारीपाजारी ते अर्ज धाडणाऱ्यांची पणतवंडं राहतात.

नाव काढून फोटो फिरवण्याची ही पद्धत थांबावी म्हणून, ज्यांच्या हातात मासिकं, पुरवण्या आणि दिवाळी अंक आहेत त्या संपादकांना माझी साधी विनंती आहे. काजार काळातला फोटो छापायचा असेल तर खाली त्या माणसाचं नाव छापा, काढणाऱ्याचं नाव छापा, आणि वर्ष ठाऊक असेल तर वर्ष छापा. इस्मत अद्-दौला आणि ताज अस्-सल्तनत यांना निदान एवढं तरी मिळावं. ‘एकोणिसाव्या शतकातील एक इराणी स्त्री’ एवढ्यावर भागत असेल तर तो फोटो छापू नका.